वखारीतला कोळसा, कामादोतला विस्तव

[दृश्य: रंकाळा चौपाटी, संध्याकाळ. कणसे भाजणाऱ्या गाडीवरची लोखंडी शेगडी जवळून दिसते.]

कोल्हापुरात कोळशाची पारख कोणाला आहे असे विचारले, तर माझे बोट आधी रंकाळ्याच्या काठावर कणसे भाजणाऱ्यांकडे वळते. त्यांच्या शेगडीत कच्चा कोळसा पडला, तर कणीस भाजण्याआधीच काळे पडते, धुराचा वास दाण्यांत उतरतो आणि गिऱ्हाईक शेजारच्या गाडीकडे जाते. म्हणून गोणी उघडली की ही माणसे दोन तुकडे उचलून एकमेकांवर आपटतात. खणखणीत, काचेसारखा आवाज आला तर कोळसा पुरता भाजलेला असतो. आवाज बद्द आला, तर आत लाकूड शिल्लक असते किंवा कोळशाने ओल धरलेली असते.

या माहितीपटात आपण ज्या भट्टीसाठी कोळसा निवडणार आहोत, ती मात्र रंकाळ्यावरच्या उघड्या शेगडीपेक्षा फार वेगळी आहे. गेल्या काही वर्षांत आपल्याकडच्या काही घरांच्या गच्चीवर आणि फार्महाऊसच्या अंगणात अंड्याच्या आकाराचे, जाड भिंतींचे सिरॅमिक ग्रिल दिसू लागले आहे. त्याला कामादो म्हणतात. जपानी भाषेत कामादो म्हणजे चूल. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानहून परतणाऱ्या अमेरिकी सैनिकांनी अशा मातीच्या भट्ट्या सोबत नेल्या, आणि १९७४ मध्ये एड फिशर यांनी अटलांटा शहरात ‘बिग ग्रीन एग’ या नावाने तिचा व्यापार सुरू केला. पुढे साध्या मातीच्या जागी जास्त ताव सोसणारे सिरॅमिक आले. मातीच्या जाड भिंतीत धग साठवायची, ही कल्पना तंदूर पाहिलेल्या आपल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

[दृश्य: ग्रिलचा खालचा झरोका आणि झाकणावरची झडप आळीपाळीने उघडमीट होते.]

समजून घ्यायची गोष्ट आहे ती हवेची. आपल्या गुऱ्हाळात चुलवाणात चिपाडे किती टाकायची, यावर काहिलीखालची आच ठरते. जाळ वाढवायचा तर जळण वाढवायचे. कामादोत जळण एकदाच भरले जाते आणि त्यानंतर आचेचा कारभार पूर्णपणे दोन फटींच्या हाती जातो. खालच्या झरोक्यातून हवा आत शिरते, कोळशाच्या तुकड्यांमधल्या पोकळ्यांतून वर चढते आणि झाकणावरच्या झडपेतून बाहेर पडते. झडप दोऱ्याएवढी उघडी ठेवली, तर आतले तापमान ११० ते १२० अंश सेल्सिअसवर तासन्‌तास टिकते आणि बोकडाची अख्खी मांडी सावकाश मऊ शिजते. दोन्ही फटी सताड उघडल्या, तर तेच तापमान ३५० अंशांच्या पलीकडे जाते. म्हणजे या ग्रिलमध्ये कोळसा नुसता जळत नाही, तर आपल्या आकाराने आणि रचनेने हवेला वाटही करून देतो. गोणीत चुरा जास्त असेल, तर तो कोळशाखालच्या जाळीच्या भोकांवर बसतो, हवा कोंडते, आणि झरोका कितीही उघडला तरी विस्तव धरत नाही. कोळसा निवडण्याचे जवळजवळ सगळे शहाणपण या एका कारणातून निघते, असे माझे मत आहे.

आता कोळशाकडे येऊ. लाकडापासून केलेल्या कोळशाला मराठीत लोणारी कोळसा हा स्वतंत्र शब्द आहे. चुना आणि कोळसा भाजणे हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय होता, त्या लोणारी समाजाचे नाव या जिनसेला चिकटले, आणि खाणीतून निघणाऱ्या दगडी कोळशापासून तो वेगळा ओळखता येऊ लागला. हा फरक कोल्हापुरात विशेष लक्षात ठेवायला हवा, कारण शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या ओतशाळांमुळे भट्टीचा कोक आपल्या परिसरात सहज नजरेस पडतो. लोखंड वितळवण्यासाठी तो उत्तम आहे. अन्न शिजवायला त्याला हातही लावू नये, कारण तो दगडी कोळशापासून बनतो आणि त्याच्या धुरात गंधकाची संयुगे असतात.

लोणारी कोळसा करायची जुनी रीत अशी, की लाकडे नीट रचून ढीग करायचा, तो पालापाचोळा आणि मातीने लिंपायचा, आत विस्तव सोडायचा आणि हवा जेमतेम पुरेल एवढीच भोके ठेवायची. लाकूड पेटून राख होऊ नये, नुसते भाजले जावे, यासाठी माणसाला दिवसरात्र भट्टीवर नजर ठेवावी लागते. आधी दाट पांढरा धूर निघतो, तो मुख्यतः लाकडातल्या पाण्याच्या वाफेचा. मग लाकडातली तेलकट, आंबूस द्रव्ये जाऊ लागतात. आतले तापमान २८० अंशांच्या आसपास गेले की लाकडाचे विघटन स्वतःच उष्णता देऊ लागते, आणि धूर विरळ, निळसर झाला की भट्टी उतरायला आली हे जाणते ओळखतात. अशा मातीच्या भट्टीत १०० किलो वाळलेल्या लाकडातून साधारण १५ ते २५ किलो कोळसा हाती लागतो. ही मेहनत पाहिली की गोणीवरची किंमत फारशी टोचत नाही.

घाईने उतरवलेल्या भट्टीतला कोळसा बाहेरून काळा आणि आतून तपकिरी राहतो. जो धूर भट्टीत निघून जायला हवा होता, तो मग आपल्या अंगणात, झाकणाखाली, मटणावर येऊन बसतो. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पाच वर्षांपूर्वी, आषाढ सरता सरता, घरच्या पंधरा माणसांसाठी मी एका विक्रेत्याकडून दहा किलोची देखणी, छापील पिशवी आणली आणि न निवडता थेट ग्रिलमध्ये ओतली, ग्रिल भरेपर्यंत. तासभर दाट पांढरा धूर काही थांबेना. मी थांबायला हवे होते, पण पाहुणे येऊन बसले होते आणि मी मटण वर ठेवले. ते शिजले, मऊही झाले, पण त्याला डांबरासारखा कडवट वास आला, आणि माझ्या आजीने पहिला घास घेऊन ताट हळूच बाजूला सारले. दुसऱ्या दिवशी उरलेली पिशवी पोत्यावर ओतली, तेव्हा निम्म्या तुकड्यांच्या पोटात कच्चे लाकूड निघाले आणि तळाला एक गंजका खिळा सापडला. तो खिळा सापडल्यापासून मी पिशवी पोत्यावर ओतल्याशिवाय कोळसा वापरत नाही.

[दृश्य: अंगणात अंथरलेल्या पोत्यावर कोळसा ओतला जातो. हात तुकडे निवडू लागतात.]

ही निवड जवळून पाहण्यासारखी आहे. मुठीएवढे आणि त्याहून मोठे तुकडे एका बाजूला जातात, लिंबाएवढे मधल्या ढिगात, अंगठ्याएवढे तिसऱ्यात, आणि पोत्यावर जे उरते ती भुकटी असते. पाच किलोच्या पिशवीत भुकटी आणि चुरा मिळून अर्ध्या किलोच्या वर गेला, की ती पिशवी माझ्या हिशेबात नापास होते. मग प्रत्येक ढिगातला एक तुकडा मोडून बघायचा. चांगला कोळसा कडकन तुटतो, तुटलेली बाजू काळी आणि चकचकीत दिसते आणि तिच्यावर लाकडाची वर्तुळे स्पष्ट वाचता येतात. तपकिरी गाभा, सोलून न निघणारी साल, एकाच मापाच्या सपाट पट्ट्या, रंगाचा किंवा डिंकाचा माग, यांपैकी काही दिसले तर तो तुकडा बाहेर काढावा. सपाट पट्ट्या म्हणजे बहुधा फर्निचरच्या कारखान्यातले उरलेसुरले लाकूड असते, आणि त्यावर कोणता लेप होता हे आपल्याला कळायला मार्ग नसतो. साल राहिलेल्या कोळशातून ठिणग्या फार उडतात.

लाकडाच्या जातीबद्दल लोक सर्वांत जास्त विचारतात. बाभूळ आणि सुरू यांचे लाकूड जड, म्हणून त्यांचा कोळसाही जड पडतो, सावकाश पेटतो आणि जास्त वेळ टिकतो. सहा तासांच्या मंद शिजवणीसाठी मी बाभळीलाच पहिली पसंती देतो. आंब्याचा कोळसा हलका असतो, लवकर फुलतो आणि लवकर संपतो, त्यामुळे अर्ध्या तासात उरकायच्या कबाबांना तो पुरतो. बाजारातला पुष्कळसा कोळसा वेड्या बाभळीचा असतो. ही बाभूळ मूळची अमेरिका खंडातली, १९व्या शतकात भारतात आणली गेली आणि कच्छपासून तमिळनाडूच्या रामनाथपुरमपर्यंत माजली. अमेरिकी माणूस ज्याला मेस्कीट म्हणून मान देतो, त्याच कुळातले हे झाड. तिचा कोळसा ताव उत्तम देतो, पण तडतडतो, म्हणून झाकण उघडताना चेहरा मागे ठेवावा. करवंटीचा कोळसा राख कमी करतो आणि आचही चांगली देतो, तरी त्याचे पातळ तुकडे एकमेकांवर दाटून बसतात आणि हवा अडते. मात्र जातीमुळे पदार्थाला वेगळी चव येते, या समजुतीत फारसा अर्थ नाही. पुरत्या भाजलेल्या कोळशातून लाकडाचा सुगंध आधीच निघून गेलेला असतो. चव येते ती निखाऱ्यावर पडणाऱ्या चरबीच्या धुरातून, आणि धुराची चव मुद्दाम हवी असेल तर आंब्याचे दोनतीन सुके ढलपे वेगळे टाकावे लागतात.

साच्यात दाबलेल्या एकसारख्या वड्याही विकायला असतात. त्यांत कोळशाची भुकटी पिठाच्या खळीने बांधलेली असते, कधी चुना किंवा मातीही मिसळलेली असते, आणि त्यांची राख लोणारी कोळशाच्या कित्येक पट पडते. उघड्या शेगडीत त्या चालून जातात; कामादोत लांबच्या शिजवणीत ती राख खालचा झरोकाच बुजवते. कारखान्यांच्या बॉयलरसाठी उसाच्या चिपाडापासून आणि शेंगांच्या टरफलापासून केलेला पांढरा कोळसा तर नावापुरताच कोळसा आहे. तो भाजलेलाच नसतो. त्याला ग्रिलमध्ये जागा नाही.

[दृश्य: पावसाळ्यातली कोळशाची वखार. ताडपत्रीवरून पाणी निथळते आहे.]

कोल्हापूरकरांनी ओलीकडे जरा जास्तच लक्ष द्यावे. भट्टीतून नुकत्याच काढलेल्या कोळशात पाण्याचा अंश जवळजवळ नसतो, पण तो हवेतला दमटपणा शोषून घेतो आणि त्यातले पाणी पाहता पाहता ५ ते १० टक्क्यांवर जाते. गगनबावड्याकडून येणारा पाऊस वखारीच्या ताडपत्रीत शिरला, तर प्रमाण त्याहून वाढते, आणि वजनावर कोळसा घेणारा माणूस पाण्याचे पैसे मोजतो. म्हणून वर्षाचा कोळसा मी उन्हाळ्यातच, एप्रिल-मे महिन्यांत भरतो आणि घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवतो. ओल धरलेला कोळसा फेकू नये. दोन दिवसांचे कडक ऊन त्याला पुरते.

वखारीत आणखी एक प्रश्न विचारायला संकोच करू नये, तो म्हणजे हे लाकूड कुठले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने कोळसा हे वनोपज मानले आहे, मग तो जंगलातला असो वा नसो, आणि त्याच्या वाहतुकीवर नियम करण्याचा अधिकार राज्याला दिला आहे. आपल्या जिल्ह्याच्या पश्चिमेला राधानगरीचे अभयारण्य आहे, १९५८ पासून जपलेले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारशाच्या यादीत गेलेले. त्या डोंगरातले झाड आपल्या रविवारच्या जेवणासाठी पडू नये, असे मला मनापासून वाटते. बांधावरची बाभूळ किंवा माजलेली वेडी बाभूळ यांचा कोळसा कागदपत्रांसह मिळत असेल, तर चार पैसे जास्त द्यावेत.

[दृश्य: ग्रिल भरले जाते. मोठे तुकडे हाताने एकेक करून रचले जातात.]

भरताना मोठे तुकडे तळाला, जाळीची भोके मोकळी राहतील असे आडवेतिडवे बसवावेत, मधले त्यांच्यावर, आणि लहान तुकड्यांची ओंजळ जिथे पेटवायचे तिथे. रॉकेल किंवा पेटवण्याचे द्रव अजिबात वापरू नये, कारण सिरॅमिकच्या भिंती तो वास धरून ठेवतात. कागदाचा बोळा आणि कापूर एवढ्यावर सुका कोळसा पेटतो. मंद शिजवणीसाठी एकाच जागी पेटवावे, म्हणजे विस्तव सावकाश सरकत जातो. दाट पांढरा धूर असेपर्यंत वाट पाहावी. तो विरळ, निळसर झाला, भट्टीवरचा माणूस ज्या धुराची वाट पाहतो तसा, की मगच पदार्थ वर ठेवावा. झाकण उघडायचे असेल, तर आधी ते दोन बोटांएवढेच वर उचलून क्षणभर थांबावे. हवेला भुकेलेला निखारा एकदम उघडा पडला, तर ज्वाळा तोंडावर येते. आणि हे ग्रिल बंद खोलीत, व्हरांडा काचेने बंद केलेला असेल तर तिथेही, पेटवू नये. जळत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग असतो ना वास.

जेवणे उरकल्यावर विस्तवावर पाणी ओतू नये, तापलेल्या भिंतींना तडे जातात. खालचा झरोका आणि वरची झडप बंद करावी, एवढेच. हवा तुटते आणि निखारा आपोआप विझतो. सकाळी झाकण उघडले की चांगल्या कोळशाचे तुकडे आकाराने लहान झालेले, पण शाबूत पडलेले दिसतात. वाकवलेल्या सळईने ते हलवायचे, मऊ राख जाळीतून खाली पडू द्यायची, आणि एक तुकडा उचलून दुसऱ्यावर आपटून पाहायचा. तो अजूनही खणखणीत वाजतो. त्याला वरच्या थरासाठी बाजूला ठेवायचे आणि तळाला पिंपातले नवे मोठे तुकडे रचायला घ्यायचे.