कोपरे धरणारी मुलगी

नमस्कार, श्रोतेहो. तुर्भ्याच्या एका शाळेत मी 21 वर्षं सातवीला शिकवलं. आज बोलायचंय ते गटकार्याबद्दल.

एकदा शेकडेवारीचा तक्ता करायला दिला होता. वर्गात 52 मुलं. सहावी ते आठवीला 35 मुलांमागे एक शिक्षक, असं 2009 चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. पण ते असो. गटागटाने बसले सगळे. जिचं अक्षर चांगलं, तिने सगळं लिहून काढलं. एकाने स्केचपेन आणले, एकाने चौकट आखली. त्यात एक मुलगी होती, घरी गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली, बोलणारी, वर्गात तोंड न उघडणारी. तिला म्हणाले, "तू कोपरे धर." डोक्यावर पंखा गरगरत होता ना! अख्खा तास तिने दोन्ही हातांनी कार्डशीटचे कोपरे दाबून धरले. तक्ता सुरेख झाला. मी गटाला 10 पैकी 10 दिले. आठवड्याने तिला विचारलं, 50 चे 20 टक्के किती गं? ती नुसती बघत राहिली. त्या दहा मार्कांत तिचं काय होतं? कागद उडाला नाही, एवढंच.

चारजण जमले की एकेकाचा जोर कमी होतो, ही तशी जुनीच गोष्ट. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून ती मोजली होती. 1913 साली छापून आली. 8 जण मिळून ओढायला लागले की एकेकाचा जोर जवळपास निम्म्यावर येतो. तिथे दोर तरी सगळ्यांच्या हातात होता.

माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे वडील बाजार समितीत माथाडी. त्यांचं काम टोळीने चालतं, मजुरीही टोळीत वाटली जाते. पण गोणी ज्याच्या त्याच्या पाठीवर. मला वर्गात हेच हवं होतं.

ते सापडलं इलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाच्या कामात. अमेरिकेत ऑस्टिनला 1971 मध्ये गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानेच एका वर्गात आली होती आणि एकमेकांना पाण्यात पाहत होती. त्याने धड्याचे तुकडे केले, गटात प्रत्येकाला एकच दिला. परीक्षा मात्र अख्ख्या धड्यावर, आणि ज्याची त्याची. मग शेजाऱ्याचं ऐकल्यावाचून सुटका नाही!

मी ठाण्याची खाडी घेतली. कांदळवन, मिठागरं, कोळ्यांची मासेमारी, भरती-ओहोटी आणि रोहित पक्षी, म्हणजे आपले फ्लेमिंगो. रोहित पक्षी त्या कोपरे धरणाऱ्या मुलीच्या वाट्याला आले.

पहिल्या दिवशी फजिती. शेजारच्या मुलाने तिच्या हातातली चिठ्ठी ओढली आणि धडाधड वाचून टाकली. झालं काम! दुसऱ्या दिवसापासून नियम केला: चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवायची, गटात रिकाम्या हाताने जायचं. पण त्याआधी सगळ्या गटांतल्या रोहित पक्षीवाल्यांनी एकत्र बसून एकमेकांना सांगून बघायचं. खरं काम तिथे व्हायचं. मला तिच्याजवळ मांडी घालून बसता यायचं. ती तीनदा अडखळली, मध्येच एक शब्द गोरमाटीतला आला. कुणी हसलं नाही, कारण तेच सांगायची पाळी पुढे प्रत्येकावर होती. कुणी गैरहजर असला की त्याचा तुकडाच गायब व्हायचा, म्हणून पुढे एक तुकडा दोघांना देऊ लागले.

एक आई भेटायला आल्या. "बाई, आमची हुशार आहे, तिने बाकीच्यांना शिकवत बसायचं का?" म्हटलं, समजावायला बसली की तिचं तिलाच कळतं, कुठे कच्चं आहे ते. त्यांना काही ते फारसं पटलं नाही.

तर त्या दिवशी आमची मुलगी गटात गेली आणि म्हणाली, रोहित पक्षी शेवाळ खातात, म्हणून गुलाबी होतात. चिठ्ठी ओढणाऱ्यानेच विचारलं, "शेवाळ म्हणजे काय गं?" तिला शब्द सुचेना. ती उठली, चौघांना घेऊन मागच्या पाण्याच्या टाकीपाशी गेली आणि भिंतीवर बोट ठेवलं. "हे."

"हे तर हिरवं आहे," तो म्हणाला.

पाचहीजण माझ्याकडे आले. मलाही तेव्हा धड सांगता आलं नाही. घरी जाऊन वाचलं: त्या शेवाळात केशरी-तांबडी रंगद्रव्यंही असतात, फक्त हिरव्याखाली झाकलेली. दुसऱ्या दिवशी ते वर्गाला मी सांगितलं नाही. आधी तिला सांगितलं.