काळीज राहिलं झाडावर

श्रोतेहो, नमस्कार. बालवाडीतल्या बाई आणि घरोघरचे आजी-आजोबा, आजचं बोलणं तुमच्याशी. चार-पाच वर्षांच्या मुलांना माकड आणि मगरीची गोष्ट कशी सांगायची?

गोष्टीचा सांधा आहे भर नदीत. पाठीवरचं माकड म्हणतं, "अरे, काळीज तर झाडावरच राहिलं!" ही थाप मुलांना पटली की गोष्ट जमली. पुष्कळदा ती पटत नाही, कारण सुरुवात घाईत उरकलेली असते. आठ मिनिटांची गोष्ट असेल तर तीन मिनिटं जांभळीखालीच थांबा. माकड जांभळं टाकतं, मगरदादा खातो, उरलेली बायकोला नेतो. हे तीनदा सांगा, अगदी त्याच शब्दांत. तिसऱ्यांदा मुलंच वाक्य पुरं करतील. इथेच दोन गोष्टी पेरून ठेवा. आपल्या गोष्टीतल्या माकडाला पोहता येत नाही, आणि झाडाला एक ढोली आहे, तिथं ते आपल्या वस्तू जपून ठेवतं. नाहीतर काळीज झाडावर कसं, हा प्रश्न ऐन रंगात येतो आणि गोष्ट तिथंच बसते.

गोव्यातल्या मुलांना मगर नुसती चित्रातली नाही. कुंभारजुव्याच्या कालव्याकाठी मगरी ऊन खात पडलेल्या दिसतात. बोरीकडे चिखलाची मगर करून तिची पूजाही होते. तेव्हा तिचं सोंग जरा नीट करा. डोळे आणि नाकपुड्या डोक्याच्या वरच्या अंगाला असतात, म्हणून अंग बुडवूनही तिला काठ दिसतो. तळहात आडवा नाकाखाली धरला, की झालं पाणी. मुलं लगेच धरतात.

कट माकडानं ओळखला, असं मात्र सांगू नका. पंचतंत्रात मगरच तो बोलून बसतो, आता हे कुठं पळणार म्हणून. ज्या चौथ्या तंत्रात ही गोष्ट येते त्याचं नावच 'लब्धप्रणाश', म्हणजे हातचं गमावणं. फजिती मगरीची आहे. त्याला राक्षसी आवाज कशाला? बायकोचं ऐकून अवघडलेला, जरा मठ्ठ आवाज पुरे. तो बोलला की मनात तीन आकडे मोजा, मग माकडाला बोलू द्या.

मगरीची बायको पुढे उपाशी मरते, तो भाग एवढ्या लहानांना नको. "मग त्यांची परत गट्टी झाली?" असं कुणीतरी विचारतंच. नाही झाली, माकड पुन्हा खाली उतरलंच नाही, असं सरळ सांगा.