तीन रात्री, सहा आकडे

[दृश्य: मध्यरात्र. मोकळ्या माळावर वेधशाळेचा घुमट. आत मंद लाल दिवा.]

रात्रीचा एक वाजून गेलाय. गाव सोकोरो, राज्य न्यू मेक्सिको. रिओ ग्रांदे नदीकाठचं, समुद्रसपाटीपासून साधारण 1400 मीटर उंचीवरचं हे छोटंसं गाव. घुमटात तीन मुलं कॉम्प्युटरच्या पडद्याला डोळे लावून बसलीयेत. आकाशाच्या एकाच तुकड्याचे दोन फोटो, मध्ये अर्ध्या तासाचं अंतर. ते आलटून पालटून बघायचे. तारे जागच्या जागी. पण शेकडो ठिपक्यांमधला एकच ठिपका टुणकन उडी मारतो. इकडे. तिकडे. पुन्हा इकडे.

तो तारा नाही, लघुग्रह आहे. पृथ्वीच्या वाटेजवळून जाणाऱ्यांपैकी एक. तो सूर्याभोवती नेमका कसा फिरतो, हे या तिघांना येत्या काही आठवड्यांत स्वतः गणित करून सांगायचंय.

तिघंही अजून कॉलेजात गेलेली नाहीत. अकरावी संपलीय, बारावी सुरू व्हायचीय.

[दृश्य: उन्हात पडलेलं कॉलेजचं रिकामं आवार.]

अमेरिकेत उन्हाळ्याची सुट्टी दोन-अडीच महिन्यांची. शाळा बंद, कॉलेजांची वसतिगृहं ओस. त्या रिकाम्या खोल्यांमध्ये हायस्कूलच्या मुलांसाठी गणित-विज्ञानाचे निवासी वर्ग भरतात. आपल्याकडच्या व्हेकेशन बॅचसारखे मात्र नव्हेत. व्हेकेशन बॅचमध्ये पुढच्या वर्षीचं पुस्तक आधी उरकतात. इथे ज्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच पुस्तकाच्या मागे छापलेलं नाही, तो प्रश्न हातात देतात.

आपण बघतोय तो ‘समर सायन्स प्रोग्रॅम’, सोकोरोत भरायचा तेव्हाचा. सुरुवात 1959 सालची, कॅलिफोर्नियात ओहाय गावच्या थॅचर स्कूलमध्ये. त्याआधी दोनच वर्षं, 4 ऑक्टोबर 1957 ला, रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला होता आणि अमेरिकेच्या पोटात गोळा आला होता. आपली पोरं विज्ञानात मागे तर पडत नाहीत ना? थॅचरच्या मुख्याध्यापकांनी ठरवलं, हुशार मुलांना सुट्टीत एकत्र आणायचं आणि पाठ्यपुस्तकातला नव्हे, खरा प्रश्न द्यायचा. दीर्घिकांच्या समूहांची यादी करणारे जॉर्ज एबल यांच्यासारखे खगोलशास्त्रज्ञ तिथे अनेक उन्हाळे शिकवत होते. फोटो काचेच्या पट्ट्यांवर निघायचे. आकडेमोड हाताच्या यंत्रांवर. एक भागाकार म्हणजे दातेरी चाकांचा खडखडाट.

प्रश्न मात्र तेव्हा होता तोच आज आहे. लघुग्रहाची कक्षा काढा.

[दृश्य: जुना आकाशनकाशा. त्यावर सरकणारा एक बिंदू.]

हा प्रश्न जर्मन गणिती गाउसचा. 1801 सालच्या पहिल्याच रात्री सिसिलीत पालेर्मोच्या वेधशाळेतून खगोलशास्त्रज्ञ पियाझ्झी यांना एक नवा, सरकणारा ठिपका दिसला. सेरेस. 11 फेब्रुवारीपर्यंत त्यांनी वेध घेतले, मग तो सूर्याच्या झगमगाटात शिरला आणि हरवला. काही महिन्यांनी बाहेर पडेल तेव्हा शोधायचा कुठे? आख्ख्या आकाशात ठिपका हुडकणं म्हणजे गवताच्या गंजीत सुई. 24 वर्षांच्या गाउसने त्या तुटपुंज्या वेधांवरून गणित मांडलं, जागा सांगितली, आणि वर्ष सरता सरता सेरेस तिथेच जवळपास सापडला.

यातली मेख अशी. एका फोटोतून दोनच आकडे मिळतात: आकाशाच्या नकाशावर ठिपका आडवा कुठे आणि उभा कुठे. विषुवांश आणि क्रांती. तो किती लांब आहे, हे फोटो सांगत नाही. अंधारात काजवा आणि विमानाचा दिवा सारखाच दिसतो, तसं. आणि कक्षा सांगायला लागतात सहा आकडे. ती केवढी, किती लांबट, अवकाशात कशी कललेली आणि वळलेली, आणि ठिपका सध्या तिच्यावर कुठे. आता हिशेब करा. तीन रात्री, प्रत्येक रात्रीचे दोन. झाले सहा.

कागदावर.

[दृश्य: पश्चिमेकडून चढत येणारे काळे ढग.]

कारण जुलै उजाडला की न्यू मेक्सिकोत पाऊस येतो. त्याला तिथेही मॉन्सूनच म्हणतात. दुपारी ढग जमतात, वीज कडाडते, आणि कधी कधी रात्रभर आभाळ उघडतच नाही. दुर्बिणीवर प्रत्येक गटाची पाळी ठरलेली. आपल्या पाळीला ढग आले तर आले, रडायचं कुणापुढे? तीन रात्री मिळवायला दहा रात्री जागावं लागतं.

ज्या वेधशाळेत हे जागरण चालतं तिला एट्सकॉर्न यांचं नाव आहे. ते सोकोरोतल्याच न्यू मेक्सिको टेक या विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. सिगरेट सोडणाऱ्यांसाठी कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी निघाली ना, तिचं पेटंट यांचं. नाद मात्र आकाशाचा.

ढगाळ दिवशी मुलांना सहलीला नेतात. पश्चिमेला 80 किलोमीटरवर माळरानात व्हेरी लार्ज अॅरे ही रेडिओ दुर्बीण आहे. 25 मीटर व्यासाच्या 27 तबकड्या, इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात. आपल्यापैकी कुणी नारायणगावजवळ खोडदची रेडिओ दुर्बीण बघितली असेल तर तो वाय ओळखीचा वाटेल. तिथे तबकड्या 30 आहेत, प्रत्येकी 45 मीटरच्या.

[दृश्य: वर्गातला फळा. समीकरणं, खोडाखोड, पिझ्झाचे रिकामे खोके.]

दिवसा वर्ग. सदिश, कलन, गोलावरची भूमिती, पायथन. वेग असा, की आपापल्या शाळेत पहिली येणारी मुलं पहिल्याच आठवड्यात गप्प होतात. मार्क नाहीत, नंबर नाहीत. गृहपाठ एकत्र बसून करायचा, एकट्याने तो होतच नाही.

गाउसची रीत सांगायला सोपी. अंतर अंदाजाने धरा. त्यावरून कक्षा काढा. त्या कक्षेवरून अंतर पुन्हा काढा. आकडे हलायचे थांबेपर्यंत फिरत राहा. त्यात प्रकाशालाही आपल्यापर्यंत पोचायला काही मिनिटं लागतात, म्हणजे ठिपका दिसतो तिथे तो आता नसतोच. तीही दुरुस्ती करा. आणि एवढं करून पहिलं उत्तर काय येतं? लघुग्रह सूर्यमाला सोडून पळतोय! मग पहाटेपर्यंत चूक शोधायची. बहुतेकदा ती क्षुल्लक असते. कुठेतरी अंशांच्या जागी रेडियन, नाहीतर घड्याळाची स्थानिक वेळ तशीच टाकलेली.

मला या उपक्रमातली सगळ्यात मोलाची वाटते ती ही रात्र. इथे चूक मास्तर दाखवत नाहीत. ठिपका दाखवतो.

[दृश्य: दुसऱ्या एका कॉलेजातला शांत वर्ग. फक्त कागद आणि पेन्सिली.]

दुर्बीण नसली तरी असं शिकवता येतं. गणिती आर्नल्ड रॉस यांनी अमेरिकेतल्याच नोत्र दाम विद्यापीठात 1957 च्या उन्हाळ्यात, म्हणजे स्पुटनिकच्याही आधी, फक्त संख्यांवर असा वर्ग सुरू केला. पुढे तो ओहायो स्टेटला गेला. साध्या गोष्टींचा खोल विचार करा, हे त्यांचं पालुपद. विधान खरं असेल तर सिद्ध करा, खोटं असेल तर खोडा, आणि खोडल्यावर त्यातलं काही वाचवता येतं का तेही बघा. नव्वदी ओलांडल्यावरही रॉस शिकवत होते. त्यांचा विद्यार्थी ग्लेन स्टीव्हन्स याने 1989 मध्ये बोस्टनला ‘प्रॉमिस’ नावाचं असंच शिबिर सुरू केलं, आणि त्याची एक फांदी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेपर्यंत आलीय.

पैशांचंही बोलायला हवं. मोठ्या विद्यापीठाच्या आवारात भरलं म्हणून ते शिबिर त्या विद्यापीठाचं असतंच असं नाही. काही नुसती जागा भाड्याने घेतात, फी भरेल त्याला प्रवेश देतात, शेवटी एक झकास प्रमाणपत्र. पालकांनो, प्रवेश कसा देतात ते आधी विचारा. समर सायन्स प्रोग्रॅममध्ये निवड कडक आणि फी घरच्या ऐपतीप्रमाणे. क्वालकॉम या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, फ्रँकलिन अँटोनियो, इथलेच माजी विद्यार्थी. 2022 मध्ये ते वारले आणि मृत्युपत्राने या उपक्रमाला 20 कोटी डॉलर ठेवून गेले.

मुंबईत मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातही उन्हाळ्यात मुलं जमतात, खगोल ऑलिंपियाडसाठी. शिकवणं तिथेही अव्वल. पण शेवटी संघ निवडायचा असतो, पाच जणांचा. सोकोरोत शेवटी कुठला संघ निवडायचा नसतो, म्हणून शेजारच्या गटाची चूक शोधून द्यायला मुलं रात्री दोनला उठून जातात.

[दृश्य: पुन्हा घुमट. पहाट. पडद्यावर आकड्यांच्या ओळी.]

शेवटच्या आठवड्यात वेध मॅसॅच्युसेट्सला, मायनर प्लॅनेट सेंटरला पाठवतात. जगभरातून लघुग्रहांचे वेध तिथेच गोळा होतात. पाठवायची रीत जुनी, पंचकार्डांच्या काळातली: एका वेधाला एक ओळ, ओळीत 80 अक्षरांची जागा. लघुग्रहाची खूण, तारीख, विषुवांश, क्रांती, तेजस्विता. वेध घेणाऱ्याच्या नावाला त्या ओळीत जागा नाही. शेवटच्या तीन घरांत फक्त वेधशाळेचा क्रमांक.

719.