दारात दहा मिनिटं

(दृश्य: लॉस एंजलिसमधली एक निवासी गल्ली. हातात मतदारयादी घेतलेले दोन स्वयंसेवक एका घराची बेल वाजवतात.)

४ नोव्हेंबर २००८. बराक ओबामा अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, आणि त्याच दिवशी कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी 'प्रपोझिशन ८' या प्रस्तावाला कौल दिला. राज्यात जूनपासून सुरू झालेले समलिंगी विवाह त्या कौलानं बंद झाले. बंदीच्या बाजूनं ५२ टक्के मतं पडली, विरोधात ४८.

समलिंगी आणि ट्रान्सजेंडर लोकांसाठी काम करणाऱ्या लॉस एंजलिसच्या एलजीबीटी सेंटरमध्ये तेव्हा डेव्ह फ्लायशर काम करू लागले. निवडणूक मोहिमा उभ्या करण्यात त्यांची अनेक वर्षं गेली होती. हरल्यावर पक्ष सहसा आपल्याच लोकांमध्ये बसून कारणं शोधतात. फ्लायशर यांनी स्वयंसेवकांना थेट त्या वस्त्यांमध्ये नेलं जिथे सपाटून पराभव झाला होता. तिथल्या लोकांना विचारायचं ठरलं, की तुम्ही आमच्या विरोधात मत का दिलंत?

यातूनच पुढे 'डीप कॅनव्हासिंग', म्हणजे दारोदार जाऊन मनमोकळा संवाद साधण्याची पद्धत घडली.

(दृश्य: दारात चाललेला संवाद. मतदार बोलतोय. स्वयंसेवक ऐकतोय.)

दार उघडलं की मतदाराला एक आकडा विचारतात. शून्य म्हणजे पूर्ण विरोध, दहा म्हणजे पूर्ण पाठिंबा. तुम्ही कुठे आहात? मग विचारतात, हाच आकडा का? आणि इथे स्वयंसेवकानं गप्प बसायचं असतं. सगळ्या कामातला सर्वांत कठीण भाग हाच, असं मला वाटतं. समोरचा माणूस तुमच्याबद्दल, तुमच्या जोडीदाराबद्दल मनाला लागेल असं काही बोलतो, आणि तुम्हाला कपाळावर आठी येऊ द्यायची नसते. खोडून काढायचं नाही, आकडेवारी तोंडावर फेकायची नाही. असं कधीपासून वाटतं, तुमच्या ओळखीत कुणी समलिंगी आहे का, हे मनापासून विचारायचं.

विषय हळूहळू कायद्यावरून माणसांवर येतो. मतदार स्वतःच्या लग्नाविषयी बोलतो, भावाविषयी, कामावरच्या एखाद्या सोबत्याविषयी. स्वयंसेवकही स्वतःच्या आयुष्यातलं काही सांगतो. निघताना तो आकडा पुन्हा विचारला जातो. यातले अनेक संवाद कॅमेऱ्यावर टिपले गेले. नंतर एकत्र बसून ते पाहायचे, कुठे आपण घाईनं मध्ये बोललो, कुठे प्रश्न चुकला, हे शोधायचं आणि पुढच्या फेरीत सुधारायचं.

पण याचा परिणाम टिकतो का? डिसेंबर २०१४मध्ये 'सायन्स' या नियतकालिकानं एक अभ्यास छापला. टिकतो, असं त्याचं उत्तर होतं. जगभर बातम्या झाल्या. काही महिन्यांनी डेव्हिड ब्रूकमन आणि जॉशुआ काला हे दोन तरुण संशोधक तसाच प्रयोग करायला निघाले, आणि मूळ अभ्यासातली माहितीच त्यांना संशयास्पद वाटू लागली. ज्या कंपनीनं सर्वेक्षण केल्याचं सांगितलं होतं, तिला त्या कामाची कल्पनाच नव्हती. त्यांनी हे जाहीर केलं. मूळ अभ्यासाचे सहलेखक डोनाल्ड ग्रीन यांनी स्वतः शोधनिबंध मागे घ्यावा अशी विनंती केली, आणि मे २०१५मध्ये तो मागे घेतला गेला.

ज्यांनी कित्येक संध्याकाळी लोकांच्या दारात उभं राहून घालवल्या होत्या, त्यांच्या कामावर दुसऱ्याच्या खोटेपणाचा डाग पडला. तरी ते पुन्हा परीक्षेला बसले.

(दृश्य: मायामी. नारळाची झाडं, ओळीनं घरं.)

मायामी-डेड काउंटीत २०१४च्या अखेरीस ट्रान्सजेंडर व्यक्तींना भेदभावापासून संरक्षण देणारा नियम झाला होता. तो उलटवायची मोहीम निघेल, ही धास्ती होती. तिथे ब्रूकमन आणि काला यांनी खरा प्रयोग केला. ५६ स्वयंसेवक, दारात भेटलेले ५०१ मतदार. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मतदारांचे दोन गट पाडले. एका गटाशी ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयी साधारण दहा मिनिटांचा संवाद. दुसऱ्याशी कचऱ्याच्या पुनर्वापराविषयी गप्पा. पहिल्या गटाला विचारलं जायचं, की आपण वेगळे आहोत म्हणून लोकांनी तुम्हाला कधी कमी लेखलं आहे का? असा अनुभव नसलेला माणूस विरळाच.

त्यानंतरची सर्वेक्षणं वेगळ्या निमित्तानं झाली, म्हणजे मतदाराला दारातल्या भेटीशी त्यांचा संबंध कळू नये. पूर्वग्रह कमी झाला होता, आणि तीन महिन्यांनंतरही कमीच होता. विरोधी बाजूचे मुद्दे दाखवल्यावरही कायद्याला वाढलेला पाठिंबा टिकला. एप्रिल २०१६मध्ये हे निष्कर्ष 'सायन्स'मध्येच प्रसिद्ध झाले.

या निष्कर्षाची किंमत कळायची तर याच दोघांचा २०१८चा अभ्यास पाहावा लागतो. अमेरिकी सार्वत्रिक निवडणुकांतल्या नेहमीच्या प्रचाराचे ४९ प्रयोग त्यांनी एकत्र मांडले. कुणाला मत द्यायचं याबाबत मन वळवण्यातला सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. माणसं मतदानाला बाहेर पडतात, पण मत बदलत नाहीत.

आपल्याकडच्या प्रचारफेऱ्या आठवा. पुढे ढोलताशा, मागे घोषणा, हात जोडलेला उमेदवार, हातात पत्रक, आणि फेरी पुढच्या दारी. तुमचं काय म्हणणं आहे, हे विचारून कुणी थांबतं का?

२०२०मध्ये ब्रूकमन आणि काला यांनी आणखी नेमकं तपासलं. विषय होता स्थलांतरितांचा. काही मतदारांसमोर फक्त मुद्दे मांडले. काहींशी तोच संवाद, पण त्यात दोन्ही बाजूंनी आपले अनुभव सांगणं आणि समोरच्याला दोष न देता ऐकणं होतं. नुसत्या मुद्द्यांचा काहीही परिणाम झाला नाही. अनुभवांच्या देवाणघेवाणीचा परिणाम किमान चार महिने टिकला.

हे काम सावकाश चालतं. पुष्कळ दारं उघडत नाहीत, आणि उघडलेल्या दारात वेळ जातो. किती घरं झाली यावर कार्यकर्त्याचं काम मोजणाऱ्या पक्षांना ते परवडत नाही. त्याहून मोठी किंमत स्वयंसेवक मोजतो. ज्याच्या अस्तित्वाविषयीच मतदाराला शंका आहे, त्यानंच शांतपणे उभं राहून ती ऐकायची, हे मागणं सोपं नाही. मायामीतल्या ५६ जणांपैकी काही स्वतः ट्रान्सजेंडर होते, काही नव्हते. परिणाम दोघांच्याही संवादांचा झाला. म्हणजे हा भार एकट्या ट्रान्सजेंडर स्वयंसेवकांवर टाकायची गरज नाही. शेजारी, मित्र, नातेवाईकही बेल वाजवू शकतात.