समुद्र रंगवणारा गल्लीतला पोरगा

नमस्कार श्रोतेहो. आपल्या खान्देशातल्या माणसाला समुद्र बघायचा तर तापीच्या मागोमाग पार सुरतेपुढे जावं लागतं. तरी आपल्या शेजारी, अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात, तीन डोलकाठ्यांचं जहाज रंगवलेलं आहे! ते पाहिलं की मला टर्नर आठवतो. समुद्राचा एवढा मोठा चित्रकार, पण जन्मला लंडनच्या एका गल्लीत.

जोसेफ मॅलर्ड विल्यम टर्नर, जन्म १७७५. कॉव्हेंट गार्डनजवळच्या मेडन लेनमध्ये वडिलांचं हजामतीचं दुकान. ते केसांचे टोपही बनवत. थेम्स नदी जवळच, तिच्यावर गलबतांची ये-जा. घरात मात्र सुख नव्हतं. धाकटी बहीण लहानपणीच गेली, आईचा मानसिक आजार बळावत गेला. दहा वर्षांच्या पोराला ब्रेंटफर्डला मामाकडे धाडलं. मामा खाटीक. पुढे मार्गेटला, समुद्रकाठच्या गावी, काही दिवस राहिला. तिथली त्याची रेखाटनं अजून आहेत.

मला कौतुक वाटतं ते त्याच्या वडिलांचं. पोराची चित्रं दुकानात टांगायची, दोन-तीन शिलिंगांना विकायची आणि गिऱ्हाइकाला ऐकवायचं, आमचा पोरगा चित्रकार होणार. वस्तरा गळ्याशी असताना नाही कोण म्हणेल!

१७८९ मध्ये, चौदाव्या वर्षी, रॉयल अकादमी या लंडनच्या कलासंस्थेच्या शाळेत प्रवेश मिळाला. त्याच सुमारास तो थॉमस माल्टन यांच्याकडे इमारतींची चित्रं काढायला शिकत होता: कमानी, खिडक्या, आणि यथार्थदर्शन, म्हणजे जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवायची रीत. पुढच्या वर्षी अकादमीच्या प्रदर्शनात लागलेलं त्याचं जलरंगचित्रही लँबेथच्या धर्मगुरूंच्या वाड्याचं. म्हणजे लाटांच्या आधी विटा. मला यात नवल वाटत नाही. होडी हेलकावताना दिसायची तर चित्रातली आडवी रेघ आधी पक्की लागते.

मग १७९६ साली अकादमीत त्याचं पहिलं तैलचित्र लागलं, रात्रीच्या समुद्रातल्या कोळ्यांचं. आईल ऑफ वाइट या बेटाजवळचे खडक, ढगांतून चंद्र, होडीत कंदील. चंद्राचा उजेड थंड आणि अफाट, कंदिलाचा तांबूस, एवढासा. पोरगा तेव्हा एकवीस वर्षांचा.

इकडे १७९५ मध्ये इंग्लंडच्या सरकारनं केसांना नि टोपांना लावायच्या पावडरीवर कर बसवला आणि टोपांचा धंदा बसत गेला. पुढे वडील दुकान सोडून मुलाच्या हाताखाली आले. कॅनव्हास ताणायचे, चित्र पुरं झालं की वार्निश लावायचे. टर्नर गमतीनं म्हणे, माझं चित्र सुरूही वडील करतात आणि संपवतातही तेच.

नमस्कार.