एक समीकरण, दोन अज्ञातं

(विज्ञान दिनानिमित्त नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, सी. व्ही. रामन नागपुरात नोकरीला होते, हे किती जणांना ठाऊक आहे? 1910 साली, सरकारच्या अर्थखात्यात. इथे वर्षही पुरं झालं नाही आणि 1911 मध्ये बढती मिळून ते कोलकात्याला गेले. रामन परिणाम सापडला 1928 मध्ये, म्हणजे आपण नागपूरकरांनी त्यावर हक्क सांगायचं काही कारण नाही. पण माझी उभी नोकरी ज्या एका प्रश्नाभोवती फिरली, त्याची किल्ली त्या शोधात होती.

मी काम केलं लायडारवर. लेसरचा एक पल्स, म्हणजे क्षणभराचा झोत, आकाशात सोडायचा. हवेतले रेणू, धूळ, ढगाचे थेंब त्याला विखुरतात आणि त्यातला किंचित भाग माघारी येतो. तो दुर्बिणीत गोळा करायचा आणि किती वेळाने आला ते पाहायचं. प्रकाश जाऊन परत येतो, म्हणून एक मायक्रोसेकंद म्हणजे 150 मीटर अंतर. तत्त्व एवढंच. पहिला लेसर चालला 1960 मध्ये, आणि 1963 मध्ये फियोको आणि स्मलिन यांनी रुबी लेसरने वरच्या वातावरणातून आलेला प्रकाश टिपलाही. आपल्याकडे पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेत 1980च्या दशकात आर्गन लेसरचा लायडार सुरू झाला, पुढे तिरुपतीजवळ गाडंकीला भारत-जपान सहकार्यातून मोठा लायडार आला.

आता माघारी येतं किती? हिरव्या लेसरच्या 100 मिलिज्यूलच्या एका पल्समध्ये दोनावर सतरा शून्यं लिहावीत इतके फोटॉन असतात. तीस किलोमीटरवरून परतताना ते बोटांवर मोजण्याइतके उरतात, कधी तेवढेही नाही. म्हणून हजारो पल्सची बेरीज करायची, आणि तीही शक्यतो रात्री, कारण दिवसा सूर्य त्या चार फोटॉनना बुडवून टाकतो. आमच्या घरच्यांना आमची नोकरी रात्रपाळीची वाटायची, आणि ती होतीच. पावसाळ्यात ढग खाली आले की यंत्र झाकून मागची आकडेमोड उरकायची.

खरी अडचण त्या आकडेमोडीत आहे. समजा, दोन किलोमीटरवरून प्रकाश कमी आला. का आला? तिथे कण कमी होते म्हणून, की जाता-येता वाटेतल्या कणांनीच त्याला खाल्लं म्हणून? समीकरण एक आणि अज्ञातं दोन! तेव्हा आम्ही काय करायचो, तर कण प्रकाश किती खातात आणि किती माघारी पाठवतात, या दोन्हींचं गुणोत्तर गृहीत धरायचो. समुद्री मिठाच्या कणांसाठी ते वीसच्या आसपास, वाळवंटी धुळीसाठी पन्नास, धुरासाठी सत्तर. समुद्रावर ठीक आहे. पण नागपूरचं काय धरणार? मे महिन्यात धूळ, हिवाळ्यात शेकोट्यांचा धूर, बारा महिने कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राख. यातला कुठला आकडा घ्यायचा? आकडा बदलला की उत्तर बदलतं, आणि आलेख मात्र दोन्ही वेळा सारखाच देखणा दिसतो. देखण्या आलेखांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

इथे रामन येतात. विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी थोडा भाग, साधारण हजारातला एक, रंग बदलून येतो. किती बदलायचा हे तो रेणू ठरवतो. प्रकाशाचा रंग आम्ही त्याच्या लहरीच्या लांबीने, नॅनोमीटरमध्ये सांगतो. 355 नॅनोमीटरचा पल्स सोडला तर नायट्रोजनकडून 387 ला प्रकाश येतो, पाण्याच्या वाफेकडून 408 ला. धूळ, धूर, राख हे रंग माघारी पाठवत नाहीत, वाटेत खातात तेवढंच. आणि हवेत कुठल्या उंचीवर नायट्रोजन किती, हे आपल्याला आधीच माहीत असतं. सोनेगावहून हवामान खातं फुगे सोडतं, त्यांच्या दाब-तापमानावरून ते निघतं. म्हणजे नायट्रोजनचा प्रकाश हिशेबापेक्षा जितका कमी, तितका तो वाटेत खाल्ला गेला. एक अज्ञात सुटलं! गृहीत धरायला फारसं काही उरलंच नाही. शिवाय 408 आणि 387 यांच्या गुणोत्तरावरून हवेतलं बाष्पही कळतं, ते वेगळंच.

आमच्या क्षेत्रात मोठ्या लेसरचं कौतुक फार, सगळा पैसा तिकडेच जातो. माझं मत वेगळं आहे. रामन लायडार तरतो तो हवा तोच रंग आत सोडणाऱ्या गाळण्यांवर, म्हणजे फिल्टरांवर. शेजारचा 355 चा प्रखर प्रकाश जरासा जरी आत शिरला, तरी 387 चं मोजमाप व्यर्थ.

लायडार घेऊन फिरणाऱ्या उपग्रहांचं विचाराल तर कॅलिप्सो 2006 पासून 2023 पर्यंत चालला, आणि 2024 मध्ये सोडलेला अर्थकेअर दोन अज्ञातांचा प्रश्न दुसऱ्या युक्तीने सोडवतो. उत्तम यंत्रं आहेत. पण कॅलिप्सो त्याच वाटेवरून पुन्हा जायचा तो 16 दिवसांनी. डिसेंबरच्या पहाटे वर ऊबदार हवा बसलेली असते आणि धूर खालीच कोंडतो. तो किती उंचीवर कोंडला, तासातासाला कसा हलला, हे वरून जाणाऱ्याला कसं कळणार? त्यासाठी शहरातल्याच एखाद्या छतावर यंत्र रात्रभर चालू ठेवावं लागतं. कुणाला या कामात यायचं असेल तर फिजिक्ससोबत सोल्डरिंग आणि प्रोग्रॅमिंगही शिकून या. यंत्र रात्री दोनला बिघडतं आणि तेव्हा दुरुस्तीला दुसरं कुणी येत नाही.