वितळलेल्या लोखंडाला हवा लागू नये म्हणून

श्रोतेहो, नमस्कार.

वर्कशॉपसमोरून जाताना वेल्डिंगचा निळा लखलखाट दिसला की मान आपोआप तिकडे वळते. "बघू नकोस, डोळे जातील," असं लहानपणी आई ओरडायची. तिचं बरोबरच होतं. काळी काच न लावता पाहिलं तर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं.

तो लखलखाट म्हणजे आर्क. रॉडचं टोक आणि पत्रा यांच्यात जेमतेम दोन-तीन मिलिमीटर फट, तिच्यातून शंभरेक अँपिअर करंट, आणि तापमान 5000 अंशांच्या वर. लोखंड तर साधारण 1500 अंशांनाच वितळतं. तेव्हा वितळवायची काळजी नाही, काळजी हवेची. पातळ झालेल्या लोखंडात ऑक्सिजन, नायट्रोजन शिरला की टाका पोकळ आणि ठिसूळ होतो. ही हवा कशी अडवायची, यावरून आर्क वेल्डिंगचे प्रकार पडले.

आपल्या ओळखीचा प्रकार म्हणजे रॉडचा. पूर्वी उघडी तार वापरत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी तिला लेप दिला. लेप जळतो, त्याच्या धुराचं पांघरूण टाक्यावर पडतं, आणि वर खपली धरते. हातोडीनं ती ठोकून काढली की खाली चकचकीत टाका. हा प्रकार जुना, पण उघड्यावर याच्यासारखा दुसरा नाही. साखर कारखान्यात गाळप सुरू असताना रोलरला आर्किंग करतात, ते कधी पाहिलंय? रोलर फिरतोय, रस ओघळतोय, आणि वेल्डर त्याच्या दातांवर धातूचे खडबडीत थेंब चढवतोय, उसाला पकड मिळावी म्हणून. तिथे रॉडच हवा.

दुसरा प्रकार मिग, वर्कशॉपच्या भाषेत नुसता 'सीओटू'. तार रिळावरून सलग येते, भोवती कार्बन डायऑक्साइड. रॉड बदलायला थांबायचं नाही, खपलीही जवळजवळ नाही. काम झपाट्यानं होतं. ट्रॉल्या, पत्र्याची कामं यावरच. पण मे महिन्यात कुणी टेबलफॅन इकडे फिरवला की गॅस उडून जातो आणि टाक्याला सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात.

तिसरा टिग, म्हणजे आपलं 'आर्गन'. इथे हवा अडवतो तो आर्गन वायू. एका हातात टंगस्टनची टॉर्च, दुसऱ्या हातात तार. काम सावकाश, मजुरी जास्त. पण डेअरीच्या स्टीलच्या पाइपात आतून फट राहिली तर दूध अडकून नासतं. तिथे हीच सफाई लागते. अमेरिकेत 1940च्या दशकात विमानांच्या मॅग्नेशियमसाठी ही पद्धत पुढे आली.

आणि चौथ्यात, सबमर्ज्ड आर्कमध्ये, लखलखाट दिसतच नाही. सगळं हवा अडवणाऱ्या भुकटीच्या ढिगाखाली चालतं. जाड पाइप, बॉयलर यांचे लांबलचक सांधे यंत्र एकसारखे भरत जातं. फक्त काम आडवं ठेवावं लागतं, नाहीतर भुकटीच घसरते.

तेव्हा पाचव्या मजल्यावर ग्रिल बसवायला आलेला माणूस रॉड घेऊन आला, तर नाक मुरडू नका. तिथल्या वाऱ्यात तेच योग्य. मात्र खपली झाडल्याशिवाय त्याला रंगाच्या डब्याला हात लावू देऊ नका. वरून रंग झकास दिसतो, आणि पहिल्याच पावसाळ्यात खपलीसकट गळून पडतो.

नमस्कार.